बट्टी भाजायची कोणी?

जयंती झाली की आठ-पंधरा दिवसांनी मंडळाची बैठक बसते आणि हिशेब वाचला जातो. मंडप, लायटिंग, डीजे, बॅनर, मिरवणुकीचा ट्रॅक्टर, वक्त्यांचा प्रवासखर्च आणि सगळ्यात शेवटी 'भोजन'. जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक वस्त्यांच्या हिशेबात भोजनापुढे एक ठोक रक्कम असते आणि त्या रकमेपुढे बाहेरच्या आचाऱ्याचं नाव. वर्गणी आपली, पाहुणे आपले, पंगत आपली, फक्त शिजवणारा हात बाहेरचा. बैठकीत डीजेच्या खर्चावर तासभर भांडण होतं. भोजनाच्या रकान्यावर कोणी बोलत नाही.

मला त्या रकान्यावरच बोलायचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या वस्तीतल्या तरुणांनी बट्टी भाजायला शिकलं पाहिजे. आधी मुलांनी शिकलं पाहिजे. घरात भाजली पाहिजे, कार्यक्रमात वाटली पाहिजे आणि पुढे गावाच्या बाजारात स्वतःच्या नावाने विकली पाहिजे. देशात संविधानावर घाला येत असताना हा बाबा बट्टीचं काय घेऊन बसला, असं काहींना वाटेल. वाटू द्या. पण पूर्ण वाचा आणि मग भांडा.

बट्टी म्हणजे खानदेशची भट्टीविना रोटी. गव्हाचं जाडसर भरड पीठ, त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, मीठ, हळद आणि तेलाचं मोहन. घट्ट मळायचं, गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. काही घरांत गोळे आधी वाफवतात आणि फोडी करून तळतात. सोबत तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. ना ओव्हन लागतो, ना यीस्ट, ना मैदा, ना पोळपाट-लाटणं. शेतातला भंडारा असो, नवस फेडणं असो किंवा लग्नाचं जेवण, खानदेशात शंभर-दोनशे माणसं जेवू घालायची म्हटलं की पहिलं नाव वरण-बट्टीचं निघतं. कारण स्वस्त आहे, पोटभर आहे आणि एका वेळी शेकडो भाजता येतात.

पण ह्याच बट्टीच्या पंगतीत आपली जागा कुठे होती, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लाकडं फोडायला आपण, गोवऱ्या वाहायला आपण, उष्ट्या पत्रावळी उचलायला आपण. पिठाला हात लावायला मात्र आपण नाही. जेवायला शेवटची पंगत, तीही लांब. गावगाड्याने आपल्याला अन्नाच्या आजूबाजूचं सगळं काम दिलं, फक्त अन्नाला स्पर्श करण्याचं काम दिलं नाही.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळा लेख त्यावर उभा आहे. काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी आपल्याला जुनी कामं सोडायला सांगितली, शिकायला सांगितलं, आणि तुम्ही पोरांना परत चुलीपुढे बसवता. मित्रांनो, चूल हे आपलं जुनं काम कधी नव्हतंच! वतनदारी महाराच्या वाट्याला काय होतं ते आठवा. वेसकरकी, सांगावा पोहोचवणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, मेलेली जनावरं ओढणं. आणि त्याच्या बदल्यात काय? दारोदार फिरून मागून आणलेली भाकरी, तीही बहुतेक वेळा शिळी. म्हणजे भाकरी भाजणारा हात सवर्ण बाईचा आणि पसरलेला हात आपला. गावाला जेवू घालणं हा आपला जातधंदा नव्हता. ती आपल्याला केलेली मनाई होती. म्हणून आपल्या पोराने गावासाठी बट्टी भाजणं म्हणजे परंपरेकडे परत जाणं नाही. ज्या दारावर आपल्याला उभं केलं होतं, त्या दाराच्या आत पाऊल टाकणं आहे.

मार्च 1927 मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळे तुकडे मागून खाणं सोडायला सांगितलं, हे आपण कमी बोलतो. पाणी आणि भाकरी हे दोन्ही प्रश्न एकाच मांडवात मांडले गेले. तळ्याचं पाणी हा हक्काचा प्रश्न होता, तुकडा नाकारणं हा स्वाभिमानाचा. पुढे 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाच्या कायद्यात बदल सुचवणारं विधेयक आणलं, त्याच्या मुळाशीही हेच होतं. गावाच्या तुकड्यावर जगणारा माणूस गावाशी बरोबरीने बोलू शकत नाही. वतनं संपवणारा कायदा शेवटी 1958 साली झाला. भाकरी मागणं थांबलं, ही आपल्या चळवळीची फार मोठी कमाई आहे. पण मागणं थांबवणं ही अर्धी लढाई. आपल्या हातची भाकरी दुसऱ्याने निमूटपणे विकत घेऊन खाणं ही उरलेली अर्धी, आणि ती अजून बाकी आहे.

रोटी आणि जात यांचं नातं समजायला महाराष्ट्रातलंच आणखी जुनं उदाहरण आहे. 1849 च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जात मोडायची हा तिचा उद्देश. सभासद व्हायचं तर परीक्षा होती: ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. एक पावाचा तुकडा खाल्ला की जात बाटत होती, इतकी ती ठिसूळ होती! पण ही मंडळी पाव खात होती ती बंद दाराआड. 1860 साली सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. पाव खाण्याची हिंमत होती, पण खाल्ला असं रस्त्यावर उभं राहून सांगण्याची नव्हती. उलट जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी उघडा केला, तो दिवसाढवळ्या. आपण फुल्यांचा वारसा सांगतो. मग आपली रोटीही दिवसाढवळ्या भाजली आणि वाटली गेली पाहिजे.

आता कोणी म्हणेल की हे सगळं जुनं झालं, आज हॉटेलात कोण जात विचारतं? विचारत नाही, कारण गृहीत धरलेलं असतं. बसस्टँडसमोर उभे राहा आणि पाट्या वाचा. देवाच्या नावाची खानावळ दिसेल, जातीच्या नावाची दिसेल, आडनावाची दिसेल. 'जय भीम भोजनालय' अशी पाटी किती दिसतात ते मोजा. आपल्यातला एखादा धाबा टाकतो तेव्हाही पाटीवर निसर्गाचं, नाहीतर पोराचं नाव टाकतो. आडनाव टाकत नाही. हे त्याला कोणी शिकवलं? गिऱ्हाइकाने शिकवलं, एक शब्द न बोलता.

आणि शब्द बोलले गेल्याची उदाहरणंही कमी नाहीत. 28 एप्रिल असो की 20 एप्रिल, न्यायालयाच्या तारखा आपण लक्षात ठेवत नाही, म्हणून ही एक लिहून ठेवा: 20 एप्रिल 2004. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की शाळेतल्या मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावं. न्यायालयाला हे मुद्दाम सांगावं लागलं यातच सगळं आलं. त्यानंतर 17 वर्षांनी, डिसेंबर 2021 मध्ये, उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका सरकारी शाळेत दलित बाईने शिजवलेलं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं आणि त्या बाईंना कामावरून काढलं गेलं. लहान मुलं ही! उत्तराखंड लांब वाटत असेल तर पुण्यात या. 2017 साली हवामान खात्यातल्या एका उच्चपदस्थ बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती. गुन्हा काय, तर तिने ब्राह्मण असल्याचं सांगून सोवळ्यातला स्वयंपाक केला आणि सोवळं मोडलं. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती. हवामानाचा अभ्यास करणारी व्यक्ती एकविसाव्या शतकात हाताची जात तपासते. तेव्हा अन्न शिजवणारा हात कोणाचा, हा प्रश्न जुना झालेला नाही. तो फक्त दाबून ठेवलेला आहे.

इथे एक तगडा आक्षेप येतो आणि तो आपल्याच अभ्यासू मुलांकडून येतो. 'जातिसंहार' मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट म्हटलं आहे की सहभोजनाने जात मोडत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा मोडणं. मग बट्टीने काय होणार? आक्षेप बरोबर आहे, पण तो मला लागू होत नाही. मी सहभोजन सांगत नाही. सहभोजनात एक दिवस सवर्ण माणूस उदार होऊन आपल्या शेजारी बसतो, फोटो काढतो आणि घरी जाऊन हात धुतो. तिथे उपकार करणारा तो असतो. मी सांगतो ते वेगळं आहे: शिजवणारे आपण, भाव ठरवणारे आपण, पाटी आपली. खायचं त्याने खावं, नको त्याने पुढे जावं. यातून जात संपेल असा माझा दावा नाही. आपल्या हातात एक हुनर येईल, घरात थोडा पैसा येईल आणि घरातल्या एका विषमतेला धक्का बसेल, एवढाच दावा आहे.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची हकिगत दिली आहे. तिथल्या एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या लोकांना जेवण दिलं आणि जेवणात तूप वाढलं. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासधूस केली आणि जेवणाऱ्यांना मारलं. तूप त्यांचं नव्हतं, पैसा त्यांचा नव्हता, त्यांना कोणी वाढायलाही सांगितलं नव्हतं. तरी चिडले, कारण कोणी काय खायचं हेही जात ठरवते. बट्टी कुस्करून तिच्यावर तुपाची धार सोडताना हा इतिहास आपल्याला आठवला पाहिजे.

आता आपल्याच मातीतली गोष्ट. 1929 साली सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्यांच्याकडे खानदेशचे दोन जिल्हे आले. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर वस्तीची माणसं हार घेऊन हजर होती. महारवाडा साधारण दोन मैलांवर. पण टांगा मिळेना, कारण अस्पृश्य बॅरिस्टरला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. आपल्या पाहुण्याने पायी जावं हे वस्तीला कमीपणाचं वाटलं, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला, घोडा आणि टांगा नदीत गेले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पाय मोडला. ही हकिगत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिली आहे.

चाळीसगावची ही गोष्ट आपण सवर्णांच्या क्रूरतेचा पुरावा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. भाड्याचा टांगा हाकणारा गरीब माणूससुद्धा बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता. पण त्या गोष्टीत आपल्यासाठीही धडा आहे आणि तो बाबासाहेबांनीच नोंदवला आहे: पाहुण्याच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे लोक विसरले. स्वाभिमान होता, हुनर नव्हतं. हुनर का नव्हतं? कारण टांगा हाकायची संधीच आपल्याला मिळाली नव्हती. नाकारलेली कामं शिकून घ्यावी लागतात. ऐन वेळी अभिमानाने लगाम धरून भागत नाही. जयंतीच्या दिवशी 'आम्हीच शिजवतो' म्हणून कढईपुढे उभं राहणाऱ्या पोरांनी पाचशे माणसांना कच्ची बट्टी खाऊ घातली, तर पुढच्या वर्षी पुन्हा बाहेरचा आचारी येईल. म्हणून शिकायचं. घरी, आधीपासून, रोज.

शिकायला अवघड काही नाही. पाच माणसांच्या घरासाठी चार वाट्या जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ आणि एक वाटी मक्याचं पीठ घ्या. चक्कीवाल्याला 'बट्टीचं दळा' म्हटलं की त्याला कळतं. पीठ रव्यासारखं हाताला लागलं पाहिजे. चमचाभर ओवा, अर्धा चमचा हळद, चवीपुरतं मीठ, सोड्याची चिमूट. अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी तेल कोमट करून पिठाला चोळा. मूठ दाबली तर पिठाचा मुटका झाला पाहिजे, म्हणजे मोहन पुरेसं झालं. मग बेताबेताने पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करा आणि मधे अंगठ्याने खळगा पाडा, म्हणजे आतपर्यंत आच पोहोचते. गॅसवर करायच्या तर गोळे वीस मिनिटं वाफवा, मग जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर उलटत-पालटत भाजा, सगळीकडून खरपूस होईपर्यंत. गोवऱ्यांवर करायच्या तर जाळ आणि धूर पूर्ण जाऊ द्या, लाल निखारा राहिला की मगच गोळे टाका. अर्ध्या तासात बट्टीला चिरा पडतात. एक फोडून बघा. आत ओलं पीठ दिसलं तर अजून ठेवा. घाई केली की बट्टी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. नवशिक्याची फजिती इथेच होते.

शंभर माणसांचा हिशेब असा बसतो. 12 किलो गहू, 3 किलो मका, मोहनाला दीड लिटर तेल, 6 किलो तूरडाळ, 12 किलो वांगी. गहू 35 रुपये, मका 30, तेल 150, डाळ 130 आणि वांगी 40 असा भाव धरला, तर हे सगळं 2000 रुपयांच्या आत येतं. मीठ-मसाला, दळण आणि गोवऱ्या मिळून आणखी 500 धरा. माणशी 25 रुपये झाले. भाव वरखाली होतील, तुमच्या गावचा भाव घालून पुन्हा मांडा आणि मग शेजारी केटररचं बिल ठेवा. उरलेल्या पैशात वस्तीच्या वाचनालयाला किती पुस्तकं येतात ते बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

घरापुरतं तर याहून स्वस्त पडतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. त्यात गहू येतो. ह्या गव्हाची पोळी कधी कधी वातड होते म्हणून घरं कुरकुरतात आणि पोरं सकाळी दहा-वीस रुपयांचे मैद्याचे पाव किंवा टोस्ट आणतात. तोच गहू निवडून, भरड दळून बट्टी केली तर आज केलेली उद्या कुस्करून ताकात किंवा वरणात खाता येते. कामावर जाणाऱ्याच्या डब्यात सांडत नाही, मऊ पडत नाही. रेशनचं धान्य ही कोणाची मेहेरबानी नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. तो हक्काचा दाणा घरात आणून नीट खाणं यात लाज कसली?

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. हा लेख वाचून पुष्कळ जण घरी जातील आणि आईला किंवा बायकोला म्हणतील, 'आज बट्टी कर, चळवळीचं काम आहे.' तसं होणार असेल तर हा लेख वाचलाच नाही असं समजा. खानदेशात एक गंमत आहे. भंडाऱ्यात पन्नास किलोची कणीक मळायला पुरुष पुढे असतात, बाह्या वर करून, हसत-खिदळत. कारण ते सार्वजनिक आहे, त्यात मान आहे. घरी रोज कळण्याची भाकरी थापणारी मात्र एकटी बाई, आणि उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 वर जातो तेव्हाही ती त्याच चुलीपुढे. बहिणाबाई चौधरी आपल्या आसोद्याच्या. चुलीवरच्या तव्यावरून संसार सांगणारी त्यांची कविता पाठ म्हणणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत, तव्यावर हात भाजलेले कमी. जातीने आपल्याला हलकं म्हणून अन्नापासून दूर ठेवलं, आणि आपण बाईला हलकं म्हणून अन्नाला बांधून ठेवलं. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तरुण आंबेडकरांनी दाखवून दिलं होतं की जात टिकते ती बाईवरच्या बंधनांतून. तो निबंध अभ्यासवर्गात शिकवायचा आणि वर्ग संपल्यावर ताट आयतं यायची वाट बघायची, हे चालणार नाही. म्हणून मी पहिल्यापासून म्हणतो, आधी मुलांनी. आठवड्यातून दोन दिवस घरातली चूल मुलाची. त्या दोन संध्याकाळी बहिणीने अभ्यास करावा, आईने बुद्धविहारात जावं, नाहीतर नुसतं बसावं. बसण्याचा हक्कही तिला कधी मिळालेला नाही.

घरात हात बसला की बाजार. इथे कोल्हापूरचं उदाहरण घ्या. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगाराम यांना धंद्यासाठी मदत केली आणि त्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः भर रस्त्यात गाडी थांबवून त्या हॉटेलातला चहा मागवून पिऊ लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही प्यावा लागला. महाराजांना कळलं होतं की भाषणाने जे होत नाही ते पैसे मोजून घेतलेल्या कपाने होतं. आज आपल्यात राजा नाही, पण शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, महसूल आणि पोलीस खात्यातले आहेत. त्यांनी आठवड्यातून एकदा आपल्या पोराच्या गाडीवर सवर्ण सहकाऱ्यांना घेऊन यावं. पन्नास-साठ रुपयांत वरण-बट्टीचं ताट, पाटीवर खरं नाव. तुम्ही आयुष्यभर त्यांच्या हॉटेलात खाल्लं, एकदा त्यांना आपल्याकडे आणा. येत नसतील तर कोण का येत नाही, तेही कळेल आणि तेही कळणं उपयोगाचं आहे.

गाडी टाकायची तर कागद नीट करा. छोट्या खाद्यव्यवसायाला अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते आणि तिची फी वर्षाला 100 रुपये आहे. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, बचतगट आहेत. योजनेच्या अटी कार्यालयात जाऊन समजून घ्या, दलालाला देऊ नका. आणि स्वच्छता आपली अशी असली पाहिजे की बोट दाखवायला जागा राहू नये. जातीचा तिरस्कार नेहमी स्वच्छतेचा बुरखा घालून येतो, तो बुरखा आपण काढून घ्यायचा.

आपल्या खाण्याबद्दल आपणच लिहायला हवं, हेही याच कामाचा भाग आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाची नोंद केली. खानदेशातल्या आपल्या वस्त्यांचं ताट अजून तसं लिहिलं गेलं पाहिजे. कळण्याची भाकरी, बिबडे, सुकवलेल्या भाज्या, टंचाईच्या काळातलं खाणं, सगळं. आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या.

शेवटी एक ठोस प्रस्ताव मांडतो. दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या रानात लांडोर बंगल्यावर आपण जमतो, कारण 1937 साली त्या तारखेला बाबासाहेब तिथे मुक्कामी होते. धुळे, जळगाव, नाशिककडून माणसं येतात. येताना आपण काय आणतो? फरसाण, वडापाव, पाण्याच्या बाटल्या, सगळं विकतचं. या वर्षी प्रत्येक वस्तीने ठरवावं: आमच्या वस्तीतल्या मुलांनी भाजलेल्या शंभर बट्ट्या. आदल्या रात्री भाजायच्या, कापडात बांधायच्या. बट्टी प्रवासात टिकते. सोबत ठेचा आणि कांदा. बंगल्यावर येणाऱ्या कोणालाही द्यायच्या, जात न विचारता, आणि आपली न लपवता. आणि भाजणाऱ्या मुलांची नावं मंडळाच्या हिशेबात लिहायची, जिथे आजवर आचाऱ्याचं नाव लिहीत आलो त्याच रकान्यात.

जुलैला अजून वेळ आहे. पण हात बसायला महिना-दोन महिने लागतात, म्हणून पीठ या रविवारी भिजवा.

जय भीम!